दारी आलेला गोसावी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. 'मुलं पळवणारी टोळी फिरतेय' असे मेसेज त्या दिवसांत घरोघरी पोचलेले. तिथे आलेल्या पाच अनोळखी माणसांना लोकांनी पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जीव जाईपर्यंत मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते हो, भिक्षेवर जगणारे! ज्यांच्या झोळीत आपली आजी पसाभर पीठ घालायची, त्यांच्यातलेच.

आपण तिथे नव्हतो, हात उचलला नाही, खरंय. पण मारणाऱ्यांच्या मागे बघणारे होते, मोबाईल धरून उभे राहणारे होते. आणि त्याआधी मेसेज पुढे ढकलणारे? ती तर आपल्यासारखीच देवधर्म करणारी माणसं, लेकरांच्या काळजीपोटी पाठवणारी. त्यांची नावं कुठल्या आरोपपत्रात येणार? पुढे त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी जाईल, अशी मर्यादा आणायचं ठरवलं. पण पाच घरंही काय कमी झाली?

गेल्या महिन्यात आपल्याच एका गटात तसलाच व्हॉइस मेसेज आला. कुठलं गाव, कोणाचं मूल, कोणीच विचारलं नाही. आपण सगळ्यांनी ऐकला न् गप्प बसलो. महाराज तर सांगतात, दारी आलेल्याला आधी पाणी विचारा, नाव-गाव नंतर.

यापुढे असं काही आलं, की पाठवणाऱ्या काकांना, ताईंना लगेच फोन लावू: "हे तुम्ही स्वतः पाहिलंत का?" रागावले तर रागावू देत.