मळ कशाला म्हणायचं?

पार्लर चालवणाऱ्या बाईनं देवाधर्मावर बोलावं का, असं आमच्या कन्नड तालुक्यात कुणी विचारेलही. पण लग्नसराईत माझ्या खुर्चीपर्यंत जो प्रश्न येतो, तो मुळात धर्माचाच आहे. मुलीची आई म्हणते, "ताई, निघेल तेवढा मळ काढा. हळदीला पोरगी उजळ दिसली पाहिजे." पोरीचा चेहरा स्वच्छच असतो. कापूस वेचून रापलेला असतो, एवढंच. त्या रंगालाच घरात मळ म्हणतात.

आता मळाचं पुराणात काय झालं ते बघा. शिवपुराणात पार्वतीनं अंगाचा मळ काढला, त्याचा मुलगा घडवला आणि त्याला दाराशी पहाऱ्याला बसवलं. प्रत्येक कार्याआधी आपण ज्याला पुजतो, तो गणपती असा मळाचा. कडक सोवळं पाळणाऱ्या घरांनाही ही कथा पाठ असते, पण तिच्यापाशी कुणी थांबत नाही.

मी थांबते, कारण कातडीचं शास्त्र याच्या जवळचंच सांगतं. चेहऱ्याचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचाच असतो. तळाशी जन्मलेली पेशी साधारण चार आठवड्यांत वर सरकते, वाटेत मरते आणि मेल्यावर कामाला लागते. आतलं पाणी धरून ठेवते, बाहेरचे जंतू अडवते. वय वाढलं की हा प्रवास लांबतो, चेहरा निस्तेज वाटायला लागतो. म्हणजे हा थरही दाराशी बसवलेला पोरगाच. आणि आपण अक्रोडाच्या सालीचा स्क्रब घेऊन त्याचं डोकं उडवायला निघतो.

आपल्याच तालुक्यात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. बौद्ध परंपरेत नव्यानं दीक्षा घेणाऱ्याला चिंतनासाठी पाच गोष्टी देतात : केस, लव, नखं, दात, त्वचा. माणूस भुलतो तो यांनाच, म्हणून यांच्याकडेच नीट बघायचं. मला हे अर्धंच पटतं. भिक्षूला मोह सोडायचा होता. माझ्याकडे येणाऱ्या मुलीला किळस सोडायची असते, आणि ती किळस घरूनच शिकवलेली असते. पितळखोऱ्यातच सापडलेला, कान्हदास नावाच्या सोनारानं घडवलेला यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ढेरपोट्या, तोंडभर हसणारा. अंगाची लाज म्हणून नाही त्याला!

मग घासायचंच नाही का? घासावं, पण कातडी बघून. दिवाळीत आपण आधी तेल जिरवतो, मग उटणं लावतो. या क्रमात शहाणपण आहे. कोरड्या चेहऱ्याला सायीत कालवलेलं, वस्त्रगाळ केलेलं मसुराचं पीठ हलक्या हातानं, आठवड्यातून एकदा. नाहीतर सौम्य लॅक्टिक ॲसिड. तेलकट चेहऱ्याला सॅलिसिलिक ॲसिड, आठवड्यातून एक-दोनदा. ते तेलात विरघळतं, म्हणून छिद्रांत उतरतं. पिकलेल्या पुटकुळ्या असतील किंवा चेहरा पटकन लाल होत असेल, तर काही घासू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. लिंबू आणि खायचा सोडा स्वयंपाकघरातच राहू द्या.

सावळ्या कातडीला तर जास्तच जपायचं. ती खरचटली की जखम भरते, पण काळा डाग महिनोन्महिने मागे राहतो. उजळायला म्हणून जी सगळ्यात जोरात घासते, तीच काळवंडते. वर कुणीतरी गोरं करणारी ट्यूब देतं. तिच्यात स्टिरॉइड असलं तर कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात.

विठ्ठलाला सावळा म्हणत डोळे भरून बघायचं आणि सावळ्या लेकीला घासायला पाठवायचं, हे मला कधी जुळवता आलं नाही. देहातच विटाळ उपजत असेल तर सोवळा देह कुणाचा, हे संत सोयराबाईनं चौदाव्या शतकातच विचारून ठेवलंय. उत्तर अजून आलेलं नाही.

तोवर आयांना एवढीच विनंती. लग्नाच्या आदल्या आठवड्यात पोरीच्या चेहऱ्यावर नवीन काही लावू देऊ नका. लावायचंच असेल तर महिनाभर आधी कानामागे थोडं लावून बघा. आणि घासल्यानंतरचे काही दिवस तिला सनस्क्रीन आणि स्कार्फशिवाय शेतात पाठवू नका.