चोरीस गेलेली सायकल व नववी आज्ञा

आपली वस्तू चोरीस गेली असता ती परत मिळविण्याकरिता मनुष्याने कोठवर जावे? हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु तो आम्हांस फार जड गेला, म्हणून वाचकांपुढे ठेवितो.

गेल्या पावसाळ्यात उपासना चालू असता मंदिराच्या दाराशी ठेविलेली आमची सायकल कोणी नेली. ती जुनी, चार हजारांचीही नव्हे; परंतु तीन गावांची आमची फेरी तिच्यावरच होत असे. आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तास गेलेले. दुसऱ्या दिवशी खरेदीची पावती हवी. पावती नेली तो लिहून घेणारा रजेवर. चौथ्या खेपेस सांगण्यात आले की, १ जुलै २०२४ पासून चालू झालेल्या नव्या कायद्याप्रमाणे पाच हजारांच्या आतील चोरी अदखलपात्र धरितात, व दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून तिचा तपास होत नाही. मग अंमलदार हळूच म्हणाला, "संशय कोणावर आहे ते सांगा. नाव द्या, म्हणजे दोन दिवसांत सायकल हजर करितो."

बंधुजनहो, तेव्हा एक नाव आमच्या जिभेवर आले. गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्या एका पारधी तरुणाचे ते नाव. त्याला सायकलीजवळ कोणी पाहिले नव्हते. तो पारधी आहे, एवढाच काय तो पुरावा! १८७१ साली सरकारने कायदा करून काही जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते, व पुढे पारध्यांसही त्यात गोविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. आमच्या मनातून मात्र तो रद्द झालेला नव्हता, हे त्या बाकावर बसल्या बसल्या आम्हांस कळून आले. आठवी आज्ञा दुसऱ्या कोणी मोडिली होती. नववी मोडण्यास आम्ही सिद्ध झालो होतो.

कोणी म्हणेल, "तर मग ख्रिस्ती मनुष्याने ठाण्याची पायरी चढूच नये, क्षमा करून घरी बसावे." आम्हांस हे मान्य नाही. फिलिप्पै येथे पौलाने अधिकाऱ्यांचा अन्याय मुकाट्याने गिळिला नाही. त्यांनी स्वतः येऊन आपणास बाहेर न्यावे, असा त्याने आग्रह धरिला. प्रभूच्या दृष्टांतातील विधवाही अन्यायी न्यायाधीशाच्या दारी वारंवार गेली. चोराला क्षमा करणे आमच्या हाती आहे. परंतु आम्ही गप्प बसल्याने उद्या ज्याची वस्तू जाईल त्याचे काही भले होत नाही. तेव्हा दाद अवश्य मागावी. मात्र खोट्याच्या आधाराने मागू नये.

आम्ही "कोणावरही संशय नाही" असे लिहून दिले. अंमलदार नाखूश झाला. तीन आठवड्यांनी तालुक्याच्या बाजारी एका दुरुस्तीच्या दुकानात सायकल आमच्याच दृष्टीस पडली. चौकटीवरील क्रमांक पावतीशी जुळला. कोणी अनोळखी गिऱ्हाईक ती टाकून गेले, असे दुकानदार म्हणाला. पोलिसांनी ती ठाण्यात नेली, आणि न्यायालयाचा हुकूम होऊन आमच्या हाती येण्यास आणखी दीड महिना लागला. चोर कोण, हे आजही ठाऊक नाही.

जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. पैसा असा परत देता येतो. परंतु आमच्या एका शब्दाने त्या तरुणास मार बसला असता, त्याच्या म्हाताऱ्या आईस ठाण्याच्या दारी रात्र काढावी लागली असती, तर त्याची चौपट भरपाई आम्ही कशाने केली असती? आता त्या पालावरून जाताना तो आम्हांस रामराम करितो. आम्ही त्याचे नाव घेणार होतो, हे त्याला ठाऊक नाही. प्रभूला ठाऊक आहे.

म्हणून प्रचारक बंधूंस आमची विनंती आहे की, वस्तूची पावती जपून ठेवा, क्रमांक टिपून ठेवा, तक्रार लेखी द्या व तिची नक्कल मागून घ्या. दहा खेपा पडल्या तरी राग आवरून जा. आणि संशय विचारला गेला, तर डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगा. त्याहून एक शब्दही अधिक सांगू नका.