रेशनचे धान्य आणि साम्यवाद



गेल्या रविवारी मिस्साबलिदानानंतर चर्चच्या आवारात गप्पा रंगल्या होत्या. ‘सरकार फुकट धान्य वाटते, हा साम्यवादच झाला!’ असे एकजण बोलून गेले. जवळच रेशनच्या धान्यावर घर चालवणारी एक भगिनी उभी होती. तिने मान खाली घातली. ते आम्हांला बोचले, म्हणून हे चार शब्द.

समाजवादी व्यवस्थेत जमीन, कारखाने अशी उत्पादनाची मुख्य साधने समाजाच्या किंवा शासनाच्या मालकीची असतात. साम्यवादाला तर त्यांवरील खाजगी मालकीच नको असते. सोव्हिएत रशियात १९२९ नंतर शेतकऱ्यांच्या जमिनी सक्तीने सामुदायिक शेतीत ओढल्या गेल्या. १९३२-३३ मध्ये तेथे लाखो माणसे अन्नावाचून मेली.

कल्याणकारी योजनेत मात्र तुमची वाडी तुमचीच राहते, दुकानही तुमचेच राहते. शासन करातून पैसा घेते आणि जो पडला त्याला हात देते. जर्मनीत १८८३ साली कामगारांचा आजारविमा सुरू करणारे बिस्मार्क समाजवाद्यांचे कट्टर विरोधक होते! मग रेशनला साम्यवाद कसे म्हणावे?

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या विश्वपत्रात समाजवाद नाकारला. पण त्याच पत्रात कामगाराला न्याय्य वेतन मिळावे आणि शासनाने दुर्बलांची विशेष काळजी घ्यावी, असेही बजावले. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांचे सारे समाईक होते, हे खरे. पण प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र हनन्याला सांगतो, की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. त्याचा दोष होता खोटेपणाचा. तेथे देणे प्रेमाचे होते, सक्तीचे नव्हते.

शासनाने सारेच आपल्या हाती घेऊ नये, असा इशारा पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ साली दिला. गरजवंताची गरज शेजाऱ्यालाच अधिक कळते, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा रेशनकार्ड शासन देईल; पण त्या भगिनीची विचारपूस कोणी करायची? कर भरला म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. या आठवड्यात आपल्या आळीतील एका तरी दारी जाऊया. आणि घेणाऱ्याची मान खाली जाईल असा शब्द तोंडून निघू देऊ नका.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू