पण कशाचा लावावा?

अमेरिकेंत १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नांवाचा एक खेळ प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून त्या जातीच्या खेळांची एक स्वतंत्र शाखाच निर्माण झाली. आमच्याकडील तरुण मंडळींतहि तो आतां अगदीं अपरिचित राहिलेला नाहीं. ज्या घरीं तो अद्याप पोंचला नसेल त्यांच्याकरितां सांगावयाचें तें इतकेंच : चारपांच जण मेजाभोंवतीं बसतात, एक जण सूत्रधार होऊन एका काल्पनिक प्रदेशाचें वर्णन करीत जातो, बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर अशा भूमिका घेऊन आपण काय करतों तें सांगतात, आणि जेथें यशापयश अनिश्चित असेल तेथें वीस पैलूंच्या फांशानें निर्णय होतो. असें आख्यान महिनेच्या महिने चालतें. पोरखेळ म्हणून त्याची उपेक्षा करणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, प्रत्येक सूत्रधाराला आरंभींच एका प्रश्नाचें उत्तर द्यावें लागतें, आणि तो प्रश्न नीतिशास्त्राचा आहे. या कथेंत पणाला काय लावावयाचें? त्रैलोक्य, एखादें राज्य, कीं एका गांवची विहीर?

नवशिका सूत्रधार बहुधा त्रैलोक्य लावतो. कोणी असुर जागा होणार, सूर्य विझणार, आणि तें टाळणें या पांच वीरांच्याच हातीं! पण जितका मोठा तितकी उत्कंठा मोठी, असा हा त्रैराशिकाचा हिशेब आहे. माझ्या मतें तो चुकीचा आहे, आणि ही चूक रुचीची नसून तर्काची आहे. जग बुडालें तर खेळहि बुडाला. मग पुढच्या रविवारीं मंडळींनीं जमावयाचें कशाला? म्हणून जग वांचवावयाचें हें सूत्रधारानें मनाशीं आधींच ठरविलेलें असतें. फांसा प्रतिकूल पडला तर तो नवी युक्ति काढतो, आणि चतुर खेळाडूंना हें दोनतीन बैठकींतच कळून येतें. जें हरतां येत नाहीं तें पणाला लागलेलें नसतेंच. उलट विहिरीचें पाणी दोन वाड्यांपैकीं एकीलाच पुरणार असेल, तर एक वाडी खरोखरच तहानेली राहूं शकते, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच रस्त्यानें, त्याच लोकांच्या समोरून जावें लागतें.

शिवाय त्रैलोक्य पणाला लागलें कीं सदसद्विवेकाला सुटी मिळते. सर्वांच्या रक्षणासाठीं एखादें गांव जाळलें तरी हिशेब बरोबरच येतो. कुलासाठीं एकाचा, गांवासाठीं कुलाचा, देशासाठीं गांवाचा त्याग करावा, ही विदुरानें धृतराष्ट्राला सांगितलेली चढण पुष्कळांना पाठ असते. परंतु तिची शेवटची पायरी, आत्म्यासाठीं पृथ्वीचाहि त्याग करावा ही, सोयीस्करपणें विसरली जाते. ती आठवली म्हणजे लहानमोठेपणाची ही सर्व मोजणीच डळमळूं लागते.

द्यूतसभेचेंच पाहा. धर्मराजानें रत्नें लावलीं, रथ लावले, राज्य लावलें. वाचणारा तें सारें यादीसारखें वाचून पुढें जातो. नकुल, सहदेव, अर्जुन, भीम असा क्रम लागला म्हणजे तो सावध होतो. द्रौपदी पणाला लागतांच मात्र वृद्धांच्या तोंडून धिक्कार निघतो, भीष्मद्रोणांना घाम फुटतो. राज्याच्या तुलनेनें एक व्यक्ति ती केवढी? पण महाकवीनें सभा हलविली ती तेथेंच. पुढें उद्योगपर्वांत पांडवांची मागणी पांच गांवांवर येऊन ठेपते, आणि दुर्योधन सुईच्या टोंकावर राहील एवढी भूमीहि देण्याचें नाकारतो. पांच गांवें देतां आलीं असतीं, म्हणूनच तें नाकारणें इतकें भयंकर वाटतें.

आमच्या लोहारा तालुक्यांत जग बुडणें ही निव्वळ कल्पना राहिलेली नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपति विसर्जन करून लोक झोंपले असतां, पहांटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. आज या तालुक्यांत असलेलें सास्तूर त्यांत उद्ध्वस्त झालें. ज्या जाड दगडमातीच्या भिंती उन्हाळ्यांत गारवा देत, त्यांनींच माणसें गाडलीं. लातूर व धाराशिव या दोन जिल्ह्यांत मिळून हजारों जीव गेले. खेळांतील आख्यान येथें संपलें असतें. माणसांचें येथून सुरू झालें. बावन्न गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं, आणि मग जे प्रश्न उभे राहिले ते कोणत्याहि असुराशीं लढण्याइतके दिपवून टाकणारे नव्हते. रुंद, सरळ आंखलेल्या रस्त्यांच्या वसाहतींत जुन्या गल्लीचा शेजार टिकवावयाचा कसा? शेत लांब पडलें तर गुरें बांधावयाचीं कोठें? जुन्या घराचा दगड नव्या भिंतीला वापरावा, कीं त्याला हातच लावूं नये? अशा प्रश्नांत चुकीचें उत्तर देतां येतें, आणि तें दिल्यावर त्याच घरांत पुढचीं तीस वर्षें काढावीं लागतात.

यावर असा आक्षेप येईल कीं, माणसें खेळावयास बसतात तीं नित्याच्या विवंचना विसरण्यासाठीं. तेथेंहि विहीर व गोठाच काढला तर खेळावयाचें कशाला? हा आक्षेप अगदींच उडवून लावण्याजोगा नाहीं. अद्भुताची भूक खरी आहे, आणि विहिरींत नाग राहूं नये असें मीं कोठें म्हटलें? पण लहान पणामुळें मनें लहान होतात हें मात्र मला मान्य नाहीं. याच तालुक्यांतील हिप्परगा येथें १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली; पुढें स्वामी रामानंद तीर्थ म्हणून प्रसिद्धीस आलेले व्यंकटेश खेडगीकर तिचे मुख्याध्यापक होते. हैदराबाद संस्थानच्या मुक्तिलढ्याचें नेतृत्व त्यांच्याकडे आलें तें नंतर, आणि तें संस्थान भारतांत सामील झालें तें सप्टेंबर १९४८ मध्यें. हिप्परग्यास मुलांना शिकवीत असतां त्यांच्यापुढें पण होता तो एका खेड्यांतल्या शाळेचा. ती शाळा मोडली असती तर निजामाच्या राज्यांत कोणाला चुकचुकल्यासारखेंहि वाटलें नसतें. हिप्परग्याचीं कांहीं मुलें तेवढीं शिकावयाचीं राहिलीं असतीं.