वीस मिनिटांचा न्याय

१२ सप्टेंबर २०२१ रोजी नीटची परीक्षा झाली. डिस्ग्राफियामुळे हाताने लिहिणे जड जाणाऱ्या एका विद्यार्थिनीला त्या दिवशी तासभर जादा वेळ मिळायला हवा होता. तो दिलाच गेला नाही. इतरांबरोबर तिचीही उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. मुंबई उच्च न्यायालयातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ नोव्हेंबरला न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले. फेरपरीक्षा मात्र मिळाली नाही.

कायदा तर होताच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आणि डिस्ग्राफियासारखी अध्ययन अक्षमता आहेत. २०१८च्या केंद्रीय सूचनांनुसार लिहिण्यात अडचण असणाऱ्या दिव्यांगांना लेखी परीक्षेत तासामागे किमान २० मिनिटे जादा द्यायची होती. उणीव होती ती परीक्षा केंद्रावरच्या माणसांना हे ठाऊक असण्याची.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या बल्लारपुरात ही उणीव आणखी खोल आहे. इथल्या वर्गात तेलुगू, गोंडी, हिंदी, बंगाली घरांतली मुले शेजारी बसतात. एखादा वाचताना सतत अडखळला, तर ‘घरची भाषा वेगळी आहे’ म्हणून विषय संपतो. मराठी घरातला असेल, तर ‘अभ्यास करत नाही’ म्हणून. अध्ययन अक्षमतेची तपासणी होतच नाही. असा मुलगा गोंडवाना विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात पोचतो तेव्हा त्याच्याकडे प्रमाणपत्र नसते. आपण मठ्ठ आहोत ही समजूत तेवढी पक्की झालेली असते.

जादा वेळ म्हणजे इतरांवर अन्याय, असे काहींना प्रामाणिकपणे वाटते. पण प्रश्नपत्रिका तीच असते, गुणांची कसोटीही तीच. परीक्षा विषयाच्या समजेची आहे, हाताच्या वेगाची नाही.

ज्याला आपली अडचण सांगणेच सर्वात कठीण, त्यालाच आपण दारोदार ती सांगायला लावतो. म्हणून पहिले पाऊल महाविद्यालयाने उचलावे. प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येकाला या सोयी सोप्या मराठीत सांगाव्यात, तपासणीची वाट दाखवावी, पर्यवेक्षकांना परीक्षेआधी लेखी सूचना द्याव्यात. परीक्षेतल्या सवलतीला प्रमाणपत्र लागेल. पण टिपणे आधी देणे, सूचना फळ्यावर लिहिणे, सर्वांसमोर मोठ्याने वाचायची सक्ती न करणे, यासाठी शिक्षकाला कुणाच्या सहीची गरज नाही. हे आजच्या तासापासून करता येते, आणि जे आज करता येते ते न केल्यास जबाबदारी आपली आहे.