बेल्ट द्यायचा की नाही?

आर्वीसारख्या तालुक्याच्या गावात कराटेचा क्लास चालवणाऱ्या सरांसमोर दर काही महिन्यांनी एक प्रश्न येतोच. समजा, ग्रेडिंग झालं. बारा पोरांपैकी तिघांना अजून नीट उभंही राहता येत नाही. त्यांना पुढचा बेल्ट द्यायचा की नाही?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात पोट अडकलेलं असतं. लहान गावात फी फार घेता येत नाही. बरेच सर दिवसा दुसरं काम करून संध्याकाळी शिकवतात. नापास केलेलं पोरगं पुढच्या महिन्यात येईलच असं नाही, आणि जाताना ते दोन मित्रांनाही घेऊन जातं. वर आई-बाबा म्हणतात, "सर, पोरगं रोज येते. एक बेल्ट दिला तर काय बिघडते?"

खरंच, काय बिघडतं? बेल्ट ही काही पवित्र वस्तू नाही. कराटे मूळचं ओकिनावाचं. पट्ट्यांची पद्धत त्यात कानो जिगोरो यांच्या जुदोतून आली. 1922 मध्ये ओकिनावाहून टोकियोला गेलेले गिचिन फुनाकोशी पेशाने शाळामास्तर होते. त्यांनी पहिले काळे पट्टे दिले ते 1924 मध्ये. म्हणजे ही सगळी शंभर वर्षांपूर्वीची एक सोय. ती थोडी सैल वापरली तर पाप कसलं?

मला वाटतं, फरक पडतो तो किंमत कोण मोजतं यामुळे. गणितात फुकट मार्क मिळाले तर ते पुढच्या वर्गात उघडं पडतं. कराटेतला फुकटचा बेल्ट रस्त्यावर उघडा पडू शकतो. जिथून पळून जायला हवं, तिथे पोरगं थांबतं, कारण 'तुला येतं' असं सरांनी सांगितलेलं असतं.

मुलींच्या बाबतीत हे जास्तच खरं आहे. सरकारी शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षा योजनेतून तीन महिन्यांचं आत्मरक्षा प्रशिक्षण दिलं जातं. तीन महिन्यांत पोटातून ओरडता येतं, पकडलेला हात सोडवता येतो, अंग चोरून चालायची सवय मोडते. हे थोडं नाही. पण दुप्पट वजनाच्या माणसाला पाडता येईल, असं तिला सांगणं म्हणजे फसवणूक आहे.

यावर एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. लाजऱ्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा काही मिळतंय; त्या पट्ट्यानेच त्याला हिंमत येईल आणि हिंमत आली की ते मेहनत करेल. बरोबर आहे. पण हिंमत द्यायला खोटं बोलावं लागत नाही. "पहिल्या दिवशी तुझा आवाज निघत नव्हता, आज मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू येतो" हे वाक्य खरं आहे, आणि त्याला ग्रेडिंगची फीसुद्धा लागत नाही.

आर्वीच्याच जिल्ह्यात सेवाग्राम आहे, म्हणून गांधींची आठवण होते. मारायला शिकवणं त्यांना पटलं असतं का? 1920 मध्ये 'यंग इंडिया'त त्यांनी लिहिलं होतं, की भित्रेपणा आणि हिंसा एवढेच दोन पर्याय असतील तर मी हिंसेचा सल्ला देईन. त्यांच्या आश्रमाच्या व्रतांत अभयही होतं. आणि फुनाकोशींच्या वीस सूत्रांतलं एक सांगतं, की कराटेत पहिला वार नसतो. ज्याला मारता येतं, त्याच्याच न मारण्याला अर्थ येतो. आपल्याला किती येतं हे ज्याला नक्की माहीत असतं, त्याला ते दाखवून द्यायची घाई नसते.

पण अभयाची पहिली परीक्षा पोरांची नाही, सरांची होते. फी जाईल, पोरं तुटतील, गावात नाव खराब होईल, ही भीती बाजूला ठेवून 'अजून नाही' म्हणता येतं का? ते ऐकूनही पोरगं दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर झालं, तर त्या सरांना आणखी काय कमवायचं असतं?

हे धैर्य एकट्या सरांवर सोडणंही बरोबर नाही. तुमच्या धाकट्या भावाला यंदा बेल्ट मिळाला नाही, तर सरांशी भांडायला जाऊ नका. काय सुधारायचं ते विचारा, आणि पुढच्या महिन्याची फी वेळेवर भरा.