धरून ठेवलेली जागा

काशीत श्रावण दोनदा लागतो. येथील पौर्णिमान्त गणनेप्रमाणे तो आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. विश्वनाथाच्या गल्लीत कावडी वाहणाऱ्यांची रीघ लागलेली असते, आणि आमच्या बिऱ्हाडी मात्र अजून आषाढच चालू असतो. बदलीच्या नोकरीत केस पिकलेल्या आमच्यासारख्यांना असल्या दुहेरी पंचांगाचे काही वाटत नाही. परंतु २०२४ सालच्या पावसाळ्यात आमच्या घरी एक तिसरेच पंचांग चालू होते. आमच्या कन्येने सामाईक विद्यापीठ प्रवेश परीक्षा दिली होती. तिचा निकाल लांबत लांबत जुलैअखेर लागला, आणि मग याद्यांचे दिवस सुरू झाले. तिथी, वार, नक्षत्र सर्व मागे पडून 'यादी केव्हा' एवढा एकच प्रश्न उरला.

त्या दिवसांत संध्याकाळी आम्ही बालाजी घाटावर जाऊन बसत असू. मराठेशाहीच्या काळाशी नाते सांगणारा हा घाट. पंचगंगा, दुर्गा, ब्रह्मा या शेजारच्या घाटांच्या गल्ल्यांतून आजही एखाद्या उंबऱ्याआडून मराठी बोलणे कानांवर येते. त्या बोलण्यात हिंदीचे क्रियापद मिसळलेले असते, पण हेल आपला असतो. गंगेला पाणी चढले होते. खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या आणि एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जाण्याची वाट बंद झाली होती. तेव्हा जो कोणी तेथे येई तो तेथेच बसून राही.

तेथेच एका वृद्ध गुरुजींची ओळख झाली. त्यांची चौथी की पाचवी पिढी काशीत याज्ञिकी करीत आली आहे. ते बालाजीच्या देवळाकडे बोट दाखवून बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या गोष्टी सांगत. खाँसाहेबांनी कोवळ्या वयापासून या देवळात बसून सनईचा रियाज केला, आणि २००१ साली त्यांना भारतरत्न मिळाले. गुरुजींच्या बोलण्यातून आमच्या मनात एक विचार आला तो असा : त्या रियाजातून जे निर्माण झाले ते दुसऱ्या कोणाचे काढून घेऊन झाले नाही. एक सनईवाला मोठा झाला म्हणून दुसऱ्याचे सूर कमी झाले नाहीत. परीक्षेच्या यादीतील गुणवत्ता मात्र निराळ्या जातीची आहे. मागे कोणी तरी असल्यावाचून तिला पुढे असताच येत नाही. चाळीस जागा असतील तर एकेचाळिसावा विद्यार्थी हा त्या चाळिसांच्या यशाचाच एक भाग असतो.

एके दिवशी गुरुजी म्हणाले, "साहेब, आमच्या नातवाचंही तुमच्या मुलीसारखंच आहे. पदार्थविज्ञानात प्रतीक्षा यादीवर तिसरा आहे. दोन-तीन जणांनी जागा सोडल्या तर त्याचं काम होईल."

त्यांनी विद्यापीठाचे नाव सांगितले आणि आम्ही गप्प झालो. त्याच विद्यापीठात, त्याच विषयात आमच्या कन्येला पहिल्या फेरीत जागा मिळाली होती. आम्ही शुल्क भरून ती पक्की केली होती, आणि ती जागा आम्हांला नको होती. आमचा जीव दिल्लीत अडकला होता. तिच्या दिल्लीतील प्रवेशाचा रंग चांगला होता, पण अधिकृत यादी यावयाची होती. शिवाय एका विश्वस्त निधीची गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळण्याचा संभव होता, तिचेही पत्र आले नव्हते. (त्या शिष्यवृत्तीची आम्हांला गरज होती असे नाही. मान हवा होता. हे येथे लिहून टाकलेले बरे.) तोपर्यंत ही जागा 'हाताशी असू द्यावी' असे आम्ही ठरविले होते.

यात नियमबाह्य असे काहीच नव्हते. परीक्षा सामाईक असली तरी प्रत्येक विद्यापीठ प्रवेश आपापले देते. तेव्हा एकाच विद्यार्थ्याच्या नावावर एकाच वेळी दोन जागा राहू शकतात. त्या वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यास संपूर्ण शुल्क परत द्यावे असे ठरविले होते. नियम चांगला. शुल्क अडकवून ठेवणाऱ्या संस्थांपासून मुलांना वाचविण्यासाठी तो केलेला. परंतु त्याचा एक परिणाम असा, की जागा धरून ठेवणाऱ्यास एक पैही खर्च येत नाही. खर्च होतोच, तो प्रतीक्षा यादीवरच्या मुलाच्या खाती पडतो, आणि त्या खात्याची वही कोणी ठेवीत नाही.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी 'प्रकरण विचाराधीन आहे' हे वाक्य आयुष्यात किती वेळा लिहिले असेल याचा हिशेब नाही. आम्हीही लिहिले आहे. ते वाक्य लिहिणाऱ्याला त्याचे वजन वाटत नाही. लखोटा फोडणाऱ्याला वाटते. त्या पावसाळ्यात प्रथमच लखोट्याच्या दुसऱ्या बाजूला बसण्याचा प्रसंग आमच्यावर आला, आणि आम्ही स्वतःची फार कीव केली. यादीला उशीर का, एका पत्राला इतके दिवस का, या लोकांना काळीज आहे की नाही, असे आम्ही रोज बोलत होतो. आणि त्याच वेळी आम्ही स्वतः एक प्रकरण विचाराधीन ठेवून बसलो होतो.

मनाने जी समर्थने पुढे केली ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजेत. पहिले : आपले पहिले कर्तव्य आपल्या मुलीशी. हे खरेच आहे. उद्या दिल्लीचे फसले असते तर तिने काय करावयाचे? दुसरे : ही जागा तिने आपल्या गुणांवर मिळविली, कोणाची हिसकावली नाही. हेही खरे. परंतु जागा मिळविण्याचा हक्क आणि ती न वापरता धरून ठेवण्याचा हक्क या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिला गुणांतून येतो, दुसरा केवळ मुदतीतून. तिसरे समर्थन सर्वांत लबाड होते : तो मुलगा तिसरा आहे, आपण एकट्यांनी जागा सोडून त्याचे काय भले होणार? जागा धरून बसलेल्या प्रत्येकाच्या घरी त्या वेळी हेच बोलले जात असेल.

पुण्याच्या पेशव्यांना हा पेच ठाऊक होता. सेनापती खंडेराव दाभाड्यांनी तळेगावी सुरू केलेली श्रावणातील दक्षिणा १७३१ सालच्या डभईच्या लढाईनंतर पुण्यास आली. काशीपासून रामेश्वरापर्यंतचे ब्राह्मण तिच्यासाठी जमू लागले. विद्वान शास्त्र्यांची परीक्षा घेऊन त्यांचा सन्मान वेगळा होई. बाकीच्या समुदायाला पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात घेऊन दारे बंद करीत आणि एकेकास बाहेर सोडताना त्याच्या हातावर दक्षिणा ठेवीत. एकदा दाराबाहेर पडलेला पुन्हा आत येऊ शकत नसे, म्हणून एकाला दोनदा मिळत नसे. दक्षिणा कोणाला द्यावी याविषयी त्या काळच्या कल्पना आज आपण मान्य करणार नाही, करूही नयेत. पण भल्याभल्यांच्या सदसद्विवेकबुद्धीवर विसंबण्यापेक्षा भिंत बांधलेली बरी, हे त्या कारभाऱ्यांनी ओळखले होते. आजच्या प्रवेशाला तशी भिंत नाही. विद्यापीठे तितके रमणे, आणि एकाचे दार दुसऱ्याला ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट मनातून जात नसे. एकच जागा दोघांना सारख्या किमतीची नसते. १९१३ साली डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. एखाद्या सरदारपुत्राला ती रक्कम खिशातली वाटली असती. आमच्या कन्येला काशीतील जागा म्हणजे न जमल्यास करावयाची सोय होती. गुरुजींच्या नातवाला ती घरी राहून, घरचे दोन घास खाऊन शिकण्याची एकुलती एक वाट होती.

त्या वर्षी आमचा श्रावण सोमवारीच लागला. घरात नेमाप्रमाणे कहाण्या झाल्या. खुलभर दुधाच्या कहाणीत गावातले सगळे दूध राजाच्या आज्ञेने महादेवाच्या गाभाऱ्यात ओततात, तरी गाभारा भरत नाही, कारण ते मुलाबाळांच्या, गाईवासरांच्या तोंडचे दूध असते. म्हातारी सर्वांना पाजून उरलेले खुलभर दूध आणते आणि गाभारा भरतो. लहानपणापासून ऐकलेली कहाणी. ती संपल्यावर आमची कन्या सहज म्हणाली, "बाबा, इथली जागा सोडून द्यायची का आपण? कुणी तरी थांबलं असेल." गुरुजींच्या नातवाविषयी आम्ही तिला काही सांगितले नव्हते. आम्ही म्हणालो, "दिल्लीचं पक्कं होऊ दे."

एकंदर अकरा दिवस आम्ही ती जागा धरून ठेवली. त्या अकरा दिवसांत घाटावर जाणे आम्ही पाण्याचे निमित्त करून टाळले. दिल्लीची यादी आली, नाव होते. त्याच रात्री काशीतील प्रवेश रद्द करण्याचा अर्ज भरला, शुल्क पुढे यथावकाश परत आले. शिष्यवृत्तीचे पत्र आले नाही.

पाणी ओसरल्यावर घाटावर गेलो. पायऱ्यांवर गाळ होता, तो माणसे लोटून काढीत होती. गुरुजी वरच्या पायरीवर बसले होते. नातवाचे काय झाले हे विचारण्याचा धीर होईना, त्यांनीच सांगितले. फेऱ्या संपत आल्या तरी क्रमांक लागेना, तेव्हा घाबरून त्याला शहरातल्या एका महाविद्यालयात घातला. विषय निराळा मिळाला. "दोन दिवसांनी जागा रिकामी झाली म्हणे," ते म्हणाले. "पण तिकडे कागद जमा झाले होते. असू दे. मुलगा शहाणा आहे, कुठेही शिकेल."

मग त्यांनी आमच्या मुलीची चौकशी केली. दिल्लीचे ऐकून त्यांना खरोखर आनंद झाला. त्यांनी पिशवीतून द्रोण काढला, त्यात बनारसी लाल पेढे होते. "मुलीच्या हातावर ठेवा, माझा आशीर्वाद सांगा," असे म्हणून तो द्रोण त्यांनी आमच्या हाती दिला, आणि आम्ही तो घेतला.